दात, पैरा आणि चाकोरी

सातारा-सांगलीच्या बैलगाडी शर्यतींवर लेख मागताना संपादकांना हल्ली कोर्टकचेरीचा इतिहास हवा असतो. तो आता यात्रेतल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे, त्यामुळे झटक्यात उरकतो. ११ जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं बैलाला वाघ-अस्वलांसोबत, खेळात वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बसवलं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं स्वतःचा कायदा केला आणि तो उच्च न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं तात्पुरती परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं जल्लिकट्टू, कंबळा आणि आपली बैलगाडी हे तिन्ही कायदे वैध ठरवले. मधल्या काळात, ऑगस्ट २०२१ मध्ये, आटपाडी तालुक्यातल्या झरे गावात बंदी मोडून गाड्या पळाल्या. त्याची राजकीय चर्चा भरपूर झाली, मी त्यात वेळ घालवत नाही.

त्या बंदीत नेमकं काय गेलं, हे मात्र कोर्टाच्या कागदांत सापडत नाही. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा कमी पावसाचा पट्टा खिलार जनावराचं माहेर. आटपाडी महाल आणि म्हसवड या खिलाराच्या नामांकित पैदाशी याच मातीतल्या. ट्रॅक्टर आल्यावर शेतात बैलाचं काम उरलं नाही. खोंड वाढवायचा तो शर्यतीसाठी आणि खरसुंडीच्या पौषी यात्रेत चांगला भाव यावा म्हणून. शर्यत थांबली आणि बाजारातला पळाऊ खोंडाचा भाव बसला. त्यात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली. म्हणजे बैल पळवता येईना, विकावा तर गिऱ्हाईक मिळेना. ज्यांच्या गोठ्यात तीन-तीन पिढ्यांचं वळण होतं त्यांनी त्या वर्षांत दावणी मोकळ्या केल्या. आज फायनलला पळणाऱ्या बैलांच्या आया ज्यांनी त्या काळात चारा विकत घेऊन जगवल्या, त्या माणसांची नावं कुठल्याच बॅनरवर नसतात.

शर्यतीचे प्रकार वाचकाला ठाऊक आहेत. पुणे जिल्ह्यातला घाट, पुढं घोडी, मागं चार बैल आणि सेकंदांचं घड्याळ, हा वेगळाच खेळ. त्याच्या शौकिनांशी माझं भांडण नाही. मुंबई-रायगडकडच्या बिनजोडीत दोनच गाड्या आणि पैजेचा जोर, त्याबद्दल न बोललेलं बरं. सांगली-मिरज भागात पूर्वी रस्त्यावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यती होत, कधी घोडा आणि बैल एका जुवाला जुंपून. घोड्याच्या चालीला बैल ओढत न्यायचा, यात ना बैलाचं भलं ना खेळाचं. नव्या नियमांनी हजार मीटरची मर्यादा घातली आणि तो प्रकार कायद्याच्या बाहेर गेला, हे उत्तम झालं. माझ्यावर चिडणारे मिरज तालुक्यात पुष्कळ आहेत, पण मी हे गेली अनेक वर्षं तोंडावर सांगत आलो आहे.

माझा जीव आहे चाकोरीतल्या शर्यतीत. शेजारी शेजारी आखलेले तास, चिठ्ठीनं ठरलेली जागा, हलकी छकडी, दोन बैल, एक ड्रायव्हर. गटात पहिली आली ती गाडी सेमीला, तिथून फायनलला. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत मार्गशीर्षात हे मैदान भरतं तेव्हा सगळा खटाव तालुका माळावर असतो. गाडीला घड्याळ लागत नाही, शेजारच्या तासातली गाडी हेच तिचं माप. म्हणूनच शेजारी कोण जुंपलाय, याचा न्याय झाला नाही तर शर्यतीला अर्थ उरत नाही.

हा न्याय आपल्या जुन्या जाणत्यांनी दातावर बसवला. आदत म्हणजे सगळे दुधाचे दात, दुसा म्हणजे दोन कायमचे, चौसा म्हणजे चार, मग सहादाती, आठही आलेला तो जुळलेला आणि शेवटी सगळ्यांना खुला ओपन. जगात मोटारींच्या शर्यतीत इंजिनाच्या आकारावर आणि वजनावर गट पाडतात, त्यासाठी तपासनीस, वजनकाटे आणि जाडजूड नियमपुस्तकं लागतात. आपल्याकडं बैलाच्या खालच्या जबड्यात आठ दात आहेत आणि वरच्या बाजूला पुढं एकही नाही, एवढ्यावर सगळा निवाडा होतो. मैदानावर दात बघायचे म्हणजे एकानं वेसण आवळून मान वर धरायची, दुसऱ्यानं बाजूनं अंगठा घालून खालचा ओठ दुमडायचा. दुधाचा दात बारीक, पांढरा, मुळाशी निमुळता असतो. कायमचा दात रुंद, पिवळसर, फावड्यासारखा आणि नवा असेल तर त्याची कड अजून झिजलेली नसते. साधारण दोन ते अडीच वर्षांत मधली पहिली जोडी येते, पुढच्या जोड्या साधारण वर्षाच्या अंतरानं, आणि पाचाच्या आसपास जनावर जुळतं. खुराक आणि रक्त यांमुळं काही महिने इकडंतिकडं होतात. पण मालकाच्या तोंडच्या वयापेक्षा जनावराच्या तोंडातलं वय कधीही खरं.

वाद होतो तो मधल्या अवस्थेचा. दुधाचा दात पडलाय, नवा अजून दिसत नाही. मालक म्हणतो, आदत. समोरचा म्हणतो, दुसा. मी पंच म्हणून जिथं जिथं बसलो तिथं एकच भूमिका घेतली: दात पडला की आदत संपली. यामागं कारण आहे. दातांत अशी खिंड असलेल्या जनावराला आदत धरलं, तर नुकता फुटलेला कायमचा दात उपटून ‘अजून आला नाही’ म्हणायला काहींचा हात वळतो. खिंड म्हणजे दुसा, असा नियम असला की दात उपटून कुणालाच काही मिळत नाही आणि जनावराचं तोंड वाचतं. हा नियम कठोर आहे, चार-सहा महिने आधी खोंड वरच्या गटात जातो, असं म्हणणारे आहेत. जाऊ दे. दुशात हरलेला खोंड पुढच्या वर्षी तयार होतो, पण तोंड फाटलेल्याला वैरण खाणंही जड जातं.

आता आदत मैदानावरचा सगळ्यात गंभीर आक्षेप. काही डॉक्टर मंडळी म्हणतात, कोवळ्या खोंडाला पळवू नका, सांधे पक्के व्हायचे असतात. हा आक्षेप मी कधीच टाळला नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे आणि म्हणूनच आदतीला वेगळं मैदान हवं. आदत ओपनच्या अंतरात, ओपनइतक्या फेऱ्या पळाला की पाय जातात. आदतीचं अंतर कमी ठेवा, दिवसात गट, सेमी, फायनल या तीन फेऱ्यांपलीकडं जाऊ नका, दोन फेऱ्यांत पाणी आणि सावली मिळेल एवढा वेळ द्या, आणि फाटी, म्हणजे पळायची वाट, दगड वेचून, नांगरून, मऊ करून ठेवा. आदत मैदानं बंद करा म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो, मग हा खोंड कुठं जाणार? तो ओपनलाच पळणार, जुळलेल्या बैलाशेजारी.

माझा सगळ्यात लाडका गट मात्र ‘एक आदत एक बैल’. जाणत्या बैलाच्या खांद्याला कोवळा खोंड. निशाण पडताना जाणता बैल कानांनी सुट्टी, म्हणजे गाडी सुटायचा क्षण, ओळखतो. गाडी धरून ठेवणाऱ्या सुट्टी मेकरनं हात सोडायच्या आधीच त्याच्या पाठीचा कणा खाली बसलेला असतो आणि शेजारचा खोंड ते अंगानं शिकतो. सरळ कसं पळावं, तास कसा सोडू नये, गलक्याला कसं बुजू नये, हे चाबकानं शिकवता येत नाही. आता तर चाबूक, काठी, टोचणी, विजेचा धक्का या सगळ्यावर कायद्यानं बंदी आहे, पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ही बंदी शहरी प्राणिमित्रांनी लादली असं म्हणत आपली काही माणसं कुरकुरतात. मला ती मनापासून मान्य आहे. ज्याला शेपटी पिरगाळल्याशिवाय बैल पळवता येत नाही त्यानं बैल ठेवू नये.

आणि हाच गट गरिबाला परवडतो. आपल्या भागात हा खेळ स्वस्त राहिला तो पैऱ्यामुळं. शेतात जसं एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक बैल मिळून औत चालायचं, तसं मैदानात दोन मालक एक गाडी जुंपायचे. दीड एकरवाल्याच्या घरी एकच खोंड, पण शेजारच्या गावातल्या नामवंत बैलाच्या जोडीला तो पळायचा, बक्षीस अर्धं-अर्धं, खर्चही अर्धा-अर्धा. पैसा मधे यायचा नाही. ‘उद्या पैरा कुणाबरोबर?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून एका फोनवर नाव मिळायचं आणि शब्द मोडला तर माणूस वर्षभर यात्रेत मान खाली घालून फिरायचा.

तो पैरा आता भाड्यावर गेला. नावाजलेला बैल एका मैदानापुरता मागायचा तर आधी रक्कम बोलायची. ड्रायव्हरचे वेगळे, पिकअपचे वेगळे, सुट्टीवाल्यांचे वेगळे, वर प्रवेश फी. दूध, अंडी, कणीक, बदाम यांचा खुराक रोजचा. लहान मालक एका हंगामात दमतो आणि खोंड विकून टाकतो, तोही ज्याच्याकडं आधीच दहा आहेत अशाला. एप्रिल २०२३ मध्ये खानापूर तालुक्यातल्या भाळवणीच्या मैदानाला थार गाडी लागली, नोव्हेंबर २०२५ मध्ये कवठेमहांकाळच्या बोरगावला फॉर्च्युनर. लोक लाखांनी आले, बैलगाडीचं नाव देशभर झालं, हे मी नाकारत नाही. पण बक्षीस बैलापेक्षा मोठं झालं की बैलाची किंमत बक्षिसावर ठरते. मग दातावर खोटं बोलण्याची, औषध टोचण्याची, पंचाला घेरण्याची हाव सुटते. मोठं बक्षीस म्हणजे खेळाची प्रगती, असं लिहिणारी मंडळी आहेत. त्यांनी एकदा फायनलच्या आधी हरलेल्या गाड्यांच्या पिकअपजवळ उभं राहून हिशोब ऐकावा.

खर्चाला लगाम घालायच्या युक्त्या जगात पुष्कळ आहेत. अमेरिकेत घोड्यांच्या काही शर्यतींत अशी अट असते की उतरलेला घोडा ठरलेल्या किमतीला कुणीही विकत मागू शकतो, त्यामुळं स्वस्त गटात महागडा घोडा घुसवायला कुणी धजत नाही. कॅलिफोर्नियात २००६ पासून पाचशे डॉलरच्या मोटारींची हौशी शर्यत चालते. तिथंही आयोजक वाटलं तर पाचशे डॉलर टेकवून तुमची मोटार ठेवून घेऊ शकतात. त्या पाचशेत ब्रेक, पिंजरा, पट्टे, हेल्मेट यांचा खर्च मात्र धरत नाहीत, कारण जीव वाचवण्यात काटकसर नको. आपल्याकडं ही विकत घ्यायची अट चालणार नाही. घरच्या गाईचा खोंड, पोरांनी हातानं वाढवलेला, तो अटीखाली द्यायला बाई दारात उभी राहील आणि तिचंच बरोबर असेल. पण त्यातलं तत्त्व घेता येतं. बक्षिसाला आणि प्रवेश फीला गटागणिक मर्यादा घाला, छकडीचं वजन सगळ्यांना एकच ठेवा, आणि सुरक्षेवरचा खर्च यात्रा कमिटीनं उचलावा, गाडीवाल्यावर टाकू नये.

कारण सुरक्षेत आपण फार मागं आहोत. नियम आहेत: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाचा दाखला, चित्रीकरण. कागदावर सगळं असतं. मैदानात मात्र शेवटच्या रेषेपुढं धाव थांबायला जागाच नसते. बैल रेषेवर थांबत नाही, वेगातलं जनावर आणखी बरंच पुढं जातं, आणि नेमकं तिथं मोबाईल वर धरून माणसं उभी असतात. बॅरिकेड असतात ते स्टेजसमोर, जिथं पुढारी बसतात. ड्रायव्हर पडला तर मागची गाडी अंगावरून जाते, तरी डोक्याला हेल्मेट नाही, रुमाल. आणि गाड्या इतक्या घेतात की गट संपेपर्यंत दिवस मावळतो. मग फायनल पिकअपच्या दिव्यांत. अंधारात प्रकाशझोत डोळ्यांवर आलेला बैल तास सोडतो, यात बैलाचा दोष नाही, नोंदणी बंद न करणाऱ्याचा आहे.

निकालाच्या बाबतीत मात्र काळ सुधारला, हे कबूल केलं पाहिजे. पूर्वी रेषेवरच्या पंचाची नजर हाच कायदा होता आणि त्यावरून दोन-दोन गावांची वर्षानुवर्षं बोलाचाल बंद राहायची. आता कॅमेरा आहे, पडद्यावर रेषा परत दिसते, समालोचक माईकवरून सगळ्यांना दाखवतो. कॅमेऱ्यानं पंचाचा मान जातो असं म्हणणाऱ्या जुन्या सहकाऱ्यांशी माझे मतभेद आहेत आणि राहतील.

मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत मैदानांच्या पत्रिका छापायला जातील. यात्रा कमिट्यांना माझी विनंती आहे की बक्षिसाच्या आकड्याखाली चार ओळी तेवढ्याच ठळक छापाव्यात: गाड्यांची कमाल संख्या, प्रवेश फी, शेवटची फायनल सूर्यास्ताआधी, आणि पडलेला दात म्हणजे दुसा. पशुवैद्यकांनी आपल्या दाखल्यात दातांची एक नोंद करावी, त्याला वेगळा खर्च येत नाही. आणि ज्यांच्या दावणीला चांगला जुळलेला बैल आहे, त्यांनी या हंगामात निदान एका आदतवाल्याला पैसे न घेता पैरा द्यावा.