रोजचे लेखन (भाग ६) : दीडशे शब्दांत माहितीचा अर्ज

आज माहिती अधिकाराचा अर्ज. २००५च्या कायद्याने सामान्य माणसाला दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर सरकारी फाइल मागण्याचा हक्क दिला. महाराष्ट्राच्या नियमांनुसार मात्र २०१२पासून हा अर्ज एकाच विषयावर आणि साधारणपणे दीडशे शब्दांच्या आत लिहावा लागतो. केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी हीच मर्यादा पाचशे शब्दांची आहे. मला हा फरक अन्यायाचा वाटतो, कारण थोडक्यात लिहिणे हेच कमी शिकलेल्या माणसाला सर्वांत जड जाते. पण जमवायचे ठरवले तर दीडशे शब्द भरपूर होतात.

समजा, गावातला नवा डांबरी रस्ता दोन पावसाळ्यांत उखडला. माणूस चिडून लिहायला बसतो : ‘सदर रस्त्याचे काम अत्यंत निकृष्ट दर्जाचे झाले असून यात मोठा भ्रष्टाचार झाला आहे. रस्ता इतक्या लवकर का खराब झाला? ठेकेदाराला पाठीशी का घातले जाते? याची सखोल माहिती मिळावी.’ राग खरा आहे, शब्दही खरे असतील. पण जन माहिती अधिकाऱ्याने यातले नेमके काय द्यायचे? या कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयाच्या दप्तरी असलेली गोष्ट. ‘का’ या प्रश्नाचे उत्तर दप्तरात लिहिलेले नसेल, तर ते तयार करून देणे त्याच्यावर बंधनकारक नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही २००८ साली हेच सांगितले. म्हणजे असा अर्ज आपण स्वतःच नकाराच्या हाती देतो.

आता हाच राग बाजूला ठेवून लिहू : ‘विषय : ग्रामपंचायत हद्दीतील मुख्य रस्ता ते शाळा या रस्त्याचे डांबरीकरण. कालावधी : १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५. या कामाचे मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, ठेकेदाराला अदा केलेली देयके आणि दोषदायित्व कालावधी नमूद असलेले करारनाम्याचे पान, यांच्या साक्षांकित प्रती टपालाने मिळाव्यात.’

पन्नास शब्दही झाले नाहीत. एकही विशेषण आरोपाचे नाही आणि प्रत्येक नाम एका खऱ्या कागदाचे आहे. त्यातली मोजमाप पुस्तिका विसरू नका. कामाची लांबी, रुंदी, जाडी अभियंता तिच्यात नोंदवतो आणि त्याच आकड्यांवर ठेकेदाराचे बिल निघते. हे आकडे हातात आले की कुणीही टेप घेऊन रस्त्यावर उभे राहावे आणि ताडून पाहावे. ‘का’चे उत्तर तिथेच मिळू लागते. करारनाम्याच्या त्या पानावरून कळते की रस्ता ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत संपली आहे की अजून बाकी आहे. बाकी असेल, तर ते पान जोडून दुरुस्तीची मागणी करणारे वेगळे पत्र लगेच द्यावे. तक्रारीची जागा त्या पत्रात. माहितीच्या अर्जात तिची सरमिसळ नको.

कालावधी लिहायचा कंटाळा करू नये. ‘आजपर्यंतची सर्व माहिती’ असे लिहिले की ‘माहिती विस्तृत व मोघम स्वरूपाची आहे’ असे उत्तर यायला वाव मिळतो. उलट, माहिती कशासाठी हवी हे लिहिण्यात दोन ओळी खर्च करू नका. कायद्याने ते कारण विचारताच येत नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तरी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे हे त्या कार्यालयाचे काम आहे.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, तारखेसह. तीस दिवसांची मुदत तिच्यावरून मोजायची आहे. तेवढ्यात उत्तर आले नाही, तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील करता येते. त्याचा मसुदा पुढच्या आठवड्यात पाहू.