भांडं घेताना चुंबक न्या!

भांड्यांच्या दुकानात हल्ली गंमतच दिसते. पूर्वी बायका चुंबक लावून बघायच्या आणि चिकटला की "हे स्टील हलकं" म्हणून डबा बाजूला सारायच्या. आता इंडक्शनची शेगडी घरात आली आणि त्याच बायका चिकटणारं पातेलं शोधत फिरतात!

मैत्रिणींनो, चिकटणारं स्टील खोटं नव्हे. आपल्या नेहमीच्या चांगल्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. या निकेलमुळे लोखंडाच्या आतली ठेवणच बदलते, मग चुंबक त्याला ओळख देत नाही. निकेल नसलं की धरतो, एवढंच.

चुंबकीय क्षेत्राला पदार्थ आपल्या अंगात किती सहज वाट देतो, त्याला शास्त्रात पार्यता म्हणतात. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम यांची पार्यता जवळजवळ हवेइतकीच. लोखंडाची शेकडो, हजारो पट. शेगडीच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्याचं क्षेत्र सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा उलटसुलट होतं. लोखंडी बूड ते ओढून घेतं, बुडाच्या पातळशा थरात वीज खेळते आणि बूड तापतं. साध्या ॲल्युमिनियमच्या पातेल्याला नुसती शिटी वाजवून शेगडी बंद! म्हणून काही सासूबाईंची पितळी पातेली मोडीत घालायला नकोत. गॅसवर ती उत्तमच. नवं घेताना मात्र जुन्या रेडिओच्या स्पीकरमधला चुंबक पिशवीत टाका आणि तो बुडालाच लावून बघा, कडेला नको. पुष्कळ भांड्यांना लोखंडी चकती फक्त खालीच असते.

हा गुण थोडाफार आपल्या काळ्या पाषाणातही आहे, बरं का. बिंदुसरेच्या कोरड्या वाळूत चुंबक फिरवला की बारीक काळे कण मिशांसारखे उभे राहतात. आमच्या शाळेतल्या पोरांचा हा आवडता खेळ. ते कण मॅग्नेटाइटचे, पाषाणातून सुटून आलेले.

म्हणूनच अलिबागची चुंबकीय वेधशाळा बांधताना इथला काळा दगड टाळून पोरबंदरचा दगड आणला आणि लोखंडाला मज्जाव केला. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर त्या बिघडणार हे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं. १९०४ मध्ये अलिबागला काम सुरू झालं, तरी १९०६ पर्यंत दोन्हीकडे मोजमाप चालू ठेवलं. त्यामुळे नोंदींची साखळी तुटली नाही. अलिबागला ती आजही चालू आहे.