न मागतां दिलेला हात

शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन आपल्या शाळेंतील विद्यार्थी कॉलेजांत जातात, तेव्हां त्यांच्या आईबापांस धन्यता वाटते, आणि ती वाटणें योग्यच आहे. परंतु त्याच दिवसापासून एक नवी कसोटी सुरू होते, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. शाळेंत एखादा मुलगा चार दिवस दिसला नाहीं, तर वर्गशिक्षक त्याची चौकशी करतात. कॉलेजच्या मोठ्या वर्गांत त्याची रिकामी जागा कोणाच्या नजरेस येत नाहीं. मराठींतून शिकलेल्यास इंग्रजी व्याख्यानें उमगत नाहींत, पहिल्याच परीक्षेंत एकदोन विषय राहतात, खानावळीचे पैसे थकतात. आणि हें सर्व तो लाजेनें मनांत ठेवतो. अशा विद्यार्थ्यास प्राध्यापकांनीं व इतर सेवकवर्गानें साह्य कसें करावें, ह्याचा येथें थोडा विचार करूं.

ह्या बाबतींत डॉ. आनंदीबाई जोशी यांचें चरित्र फार बोधप्रद आहे. सन १८८३ मध्यें, वयाच्या अठराव्या वर्षीं, पतीस मागें ठेवून त्या कलकत्त्याहून अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजास त्यांनीं प्रवेशासाठीं पत्र लिहिलें. आपणांस स्वतःकरितां कांहींच नको. आपल्या देशभगिनींच्या सेवेस योग्य होण्यापुरतें जें लागेल, तेवढेंच आपण मागतों, असा त्या पत्राचा भाव होता. कॉलेजनें त्यांस प्रवेश दिला व शिष्यवृत्तिही दिली. तेथील मुख्याधिकारी डॉ. रेचेल बॉडली ह्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. त्यांनीं ह्या परदेशी विद्यार्थिनीची ममतेनें विचारपूस ठेविली. ११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंस पदवी मिळाली, त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम उपस्थित होत्या. त्यांस निमंत्रणही बॉडलीबाईंचेंच होतें.

तथापि ह्या कथेस दुसरी बाजू आहे. परमुलुखांतील कडक थंडी, न मानवणारें अन्न व वारंवारचें आजारपण ह्यांनीं आनंदीबाईंची प्रकृति खालावत गेली. क्षयानें त्यांस ग्रासलें, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुणें येथें, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, त्यांचा अंत झाला. त्या काळीं क्षयावर गुणकारी औषध नव्हतें. म्हणून ह्याचा दोष कोणास द्यावा असें नाहीं. परंतु ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, जो विद्यार्थी स्वतःकरितां कांहीं मागत नाहीं, त्याचीच चौकशी अधिक करावी लागते. शिष्यवृत्तीनें फी भागते. थंडी, भूक व एकटेपणा भागत नाहींत.

ही चौकशी कोणीं करावी? प्रथम प्राध्यापकानें. हजेरीपट हा दंड करण्याचें साधन नसून दुखणें ओळखण्याची नाडी आहे, असें त्यानें समजावें. नियमित येणारा विद्यार्थी येईनासा झाला, किंवा त्याची उत्तरपत्रिका एकाएकीं कोरी येऊं लागली, तर त्यास एकांतीं बोलावून, “काय अडचण आहे?” असें विचारावें. चारचौघांत विचारल्यास तो अधिकच मिटून जातो.

दुसरा वांटा कार्यालयांतील कारकुनाचा. फीच्या खिडकीशीं घुटमळणाऱ्या मुलास “उद्यां या” असें न म्हणतां, हप्ते पाडून मिळतात काय, शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा, “कमवा व शिका” योजनेंत काम कसें मिळतें, हें त्यानें समजावून सांगितलें, तर एखाद्याचें शिक्षण तगतें. वसतिगृहाचे रेक्टर व खानावळीचा आचारी ह्यांस तर कोण जेवला नाहीं, हें सर्वांच्या आधीं कळतें. त्यांनीं तें प्राध्यापकांच्या कानावर घालावें.

कांहीं जण म्हणतील कीं, हे विद्यार्थी आतां सज्ञान आहेत. त्यांस बोट धरून चालविणें नको. तें खरेंच आहे. त्यांचा अभ्यास दुसऱ्यानें करावयाचा नाहीं, किंवा त्यांस फुकट गुण द्यावयाचे नाहींत. परंतु पडलेल्यास उठविणें व चालणाऱ्यास उचलून घेणें ह्यांत पुष्कळ अंतर आहे. त्याचप्रमाणें प्राध्यापकानें आपली मर्यादाही ओळखावी. मन फार खचलेल्या विद्यार्थ्यास केवळ उपदेश पुरत नाहीं. त्यास जाणकार समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे स्वतः बरोबर घेऊन जावें. भारत सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें ‘टेलिमानस’ ही सेवा सुरू केली आहे. तिच्या १४४१६ ह्या क्रमांकावर कोणासही विनामूल्य बोलतां येतें.

पालकांस विनंती ही कीं, मुलास पत्रानें वा फोननें केवळ गुण विचारूं नयेत. जेवण, झोंप व सोबती ह्यांविषयींही विचारावें. आणि विद्यार्थिमित्रहो, अडचण सांगण्यांत कमीपणा नाहीं. ज्यानें वेळीं सांगितलें, त्याचें अर्धें ओझें तेथेंच उतरतें.

नव्याण्णव मेंढरें सोडून एका हरवलेल्याच्या शोधास निघालेल्या मेंढपाळाचा दृष्टांत आपण सर्वांनीं ऐकला आहे. तें मेंढरू हांक मारीत आलें नव्हतें. मेंढपाळच त्याच्याकडे गेला. ज्या विद्यापीठांत शिपायापासून कुलगुरूपर्यंत प्रत्येकास हें कळलें, तेथें आपलीं मुलें निर्धास्तपणें पाठवावीं.