पगारचिठ्ठीत नसलेली ओळ

देहू आणि आळंदी यांच्यामध्ये वसलेली चिखली वारकऱ्यांना टाळगाव म्हणून ठाऊक आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत या गावाभोवती कारखान्यांचा वेढा पडत गेला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसीची स्थापना झाली, त्याच दशकात टेल्कोने पिंपरीत पाय रोवले आणि बजाजने आकुर्डीत. आज चिखलीच्या एका अंगाला भोसरी एमआयडीसी आहे, दुसऱ्या अंगाला तळवडे आणि इंद्रायणीपलीकडे चाकण. टाटा मोटर्सचा कार बनवणारा कारखाना तर चिखलीच्याच हद्दीत आहे. शिफ्टच्या बसची वाट पाहणारा टर्नर, फिटर, वेल्डर, सीएनसी ऑपरेटर, हेल्पर इथे प्रत्येक चौकात दिसतो.

या माणसांच्या हातातले काम झपाट्याने बदलते आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात वाहनांच्या धुराचे बीएस-६ मानक लागू झाले आणि गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स वाढली. साध्या लेथची जागा आधीच सीएनसी आणि व्हीएमसी यंत्रांनी घेतली होती. वेल्डिंगच्या लाइनवर रोबो आले. आता विजेवरच्या गाड्या आल्या आहेत. त्यांना इंजिन नाही, सायलेन्सर नाही, इंधनाचे इंजेक्टर नाहीत. हेच भाग घडवणाऱ्या शेकडो लघुउद्योगांवर भोसरी-चाकणचा पट्टा उभा आहे. २००० साली विसाव्या वर्षी आयटीआय करून कामाला लागलेला टर्नर आज पंचेचाळिशी ओलांडून गेला आहे. निवृत्तीला त्याची बारा-तेरा वर्षे उरली आहेत. एवढ्या काळात त्याला निदान दोनदा नवे काम शिकावे लागेल. त्या शिकण्याचा खर्च कुणी करायचा, याचे उत्तर आपल्या सार्वजनिक धोरणात आजही नीट सापडत नाही.

पैसा आहे, पण कुणासाठी?

कौशल्यावर सरकार पैसा खर्च करत नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९५० पासून आयटीआयची कारागीर प्रशिक्षण योजना चालू आहे. १९६१ साली शिकाऊ उमेदवार कायदा झाला. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणे बंधनकारक आहे. २०१६ पासून राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेतून केंद्र सरकार विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना कमाल १५०० रुपयांपर्यंत, उचलते. २०२४ साली महाराष्ट्राने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला ६०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरले, वयाची मर्यादा १८ ते ३५. आयटीआयच्या आधुनिकीकरणासाठी केंद्राने २०२५ साली ६०,००० कोटी रुपयांची पीएम-सेतू योजना मंजूर केली. तिच्यात १००० सरकारी आयटीआय आहेत. पिंपरी-चिंचवड महापालिका स्वतः मोरवाडीत आयटीआय चालवते, हेही अभिमानाने सांगायला हवे.

या सगळ्या योजनांचा लाभार्थी मात्र बहुतेक एकाच प्रकारचा आहे: शाळा-कॉलेजातून नुकता बाहेर पडलेला, अजून नोकरी न लागलेला तरुण. त्याच्यावर खर्च व्हायलाच हवा. पण तोच तरुण कारखान्याच्या गेटमधून आत गेला आणि कायम झाला, की सरकारी खर्चाच्या हिशोबातून त्याचे नाव जवळजवळ पुसले जाते.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वकौशल्याला मान्यता देण्याची सोय आहे. कामावर शिकलेल्या माणसाची चाचणी घेऊन, थोडी उजळणी करून त्याला प्रमाणपत्र दिले जाते. अंगठ्याच्या नखावर माप ओळखणाऱ्या कारागिराला कागद मिळणे मोलाचे आहेच. पण ही सोय येणाऱ्या कौशल्याची मोजदाद करते. न येणारे शिकवण्याचे काम तिच्याकडे नाही.

नियमांतच असलेली अट

कंपन्यांना सवलत द्यायची वेळ आली तेव्हाही कामावरचा कामगार वगळला गेला. प्राप्तिकर कायद्यात ३५ सीसीडी हे कलम आणले गेले. कौशल्य प्रकल्पावर केलेल्या खर्चाच्या दीडपट वजावट कंपनीला मिळत असे. त्याच्या नियमांत एक अट होती: प्रशिक्षण भरती होऊ घातलेल्या किंवा नव्याने भरती झालेल्या माणसांचे असावे आणि भरतीनंतर सहा महिन्यांच्या आत सुरू व्हावे. पंधरा वर्षे लेथ चालवलेल्या माणसाला रोबोचे प्रोग्रॅमिंग शिकवले, तर ती वाढीव वजावट नाही. २०२० नंतर दीडपट सवलतही संपली.

कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यात कौशल्य प्रशिक्षण बसते, पण फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचे काम बसत नाही. या नियमामागचा हेतू रास्त आहे. सामाजिक निधी कंपनीने स्वतःवरच खर्च करू नये. तरीही दोन्ही नियम शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. बाहेरच्या बेरोजगाराला शिकवले तर सवलत आणि शाबासकी. आतल्या कामगाराला शिकवले तर तो कंपनीचा नेहमीचा खर्च. मोठी कंपनी तो खर्च करते, कारण तिचे स्वतःचे प्रशिक्षण केंद्र असते. पंधरा माणसांच्या जॉबवर्क शॉपला तो झेपत नाही. शिवाय शिकवलेला माणूस उद्या दोनशे मीटरवरच्या दुसऱ्या शॉपमध्ये हजार रुपये जास्त मिळाले की जाईल, ही भीती मालकाला असते. ती खोटी नाही. म्हणूनच जगभर या खर्चाचा भार सगळ्यांनी मिळून उचलण्याची पद्धत पडली.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ८३ मध्ये पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. कामगाराची कपात केली, तर त्याच्या शेवटच्या पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम मालकाने या निधीत भरायची आणि ती पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हायची. कामगाराच्या पुनर्शिक्षणाचा विचार कायद्यात आला, ही स्वागताची गोष्ट आहे. पण तो आला कामावरून काढल्यानंतर. पंधरा दिवसांच्या पगारात घरभाडे आणि मुलांची फी भागते. नवा धंदा शिकून होत नाही. त्यातही मुदतीच्या करारावरच्या कामगाराची मुदत संपली, तर ती कपात धरली जात नाही. चाकणच्या लाइनवर कंत्राटी आणि मुदतीची माणसे किती आहेत, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

विसरलेली जुनी वाट

कामावरच्या कामगाराला शिकवण्याचा विचार या देशात झालाच नव्हता, असे नाही. १९५८ साली केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय नागपूरला आले. कामगाराला हक्क, कायदे आणि संघटना समजावून देणे हे त्याचे काम. आज ते दत्तोपंत ठेंगडी यांच्या नावाने ओळखले जाते. १९७७ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या मदतीने प्रगत व्यवसाय प्रशिक्षण पद्धती सुरू झाली. तिच्यासाठी निवडलेल्या सहा संस्थांपैकी एक मुंबईची होती. कारखान्याने आपला कामगार पाठवायचा, त्याने थोड्या मुदतीत हायड्रॉलिक्स, टूल डिझाइन, प्रोसेस कंट्रोल यांसारखे विषय शिकून कामावर परतायचे, अशी ती कल्पना होती. नोकरीतल्या माणसाचे शिक्षण हीही सरकारची जबाबदारी आहे, हे या पद्धतीने मान्य केले होते. ही वाट रुंद करत चाकण, वाळूज, बुटीबोरीपर्यंत न्यायला हवी होती. पुढच्या काळात राज्यकर्त्यांचे लक्ष आणि पैसा नव्या तरुणांच्या आकड्यांकडे वळला.

२०१५ च्या राष्ट्रीय कौशल्य धोरणाने स्वतःच मांडलेला आकडा आठवावा. रीतसर कौशल्य प्रशिक्षण मिळालेल्या कामगारांचे प्रमाण भारतात ४.६९ टक्के, जर्मनीत ७५, जपानमध्ये ८० आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के.

इतरांनी पैसा कसा उभा केला

ब्राझीलने १९४२ साली उद्योगांकडून आकार घेऊन सेनाई ही प्रशिक्षण संस्था उभी केली. पुढे तो आकार पगारखर्चाच्या एक टक्का झाला. सिंगापूर १९७९ पासून मालकांकडून कौशल्य आकार घेते. आज तो पगाराच्या पाव टक्का आहे. फ्रान्सने १९७१ च्या कायद्याने कामगाराच्या निरंतर शिक्षणासाठी मालकाचे योगदान सक्तीचे केले. आता तिथे प्रत्येक कामगाराचे स्वतःचे प्रशिक्षण खाते असते. पूर्णवेळ कामगाराच्या खात्यात वर्षाला ५०० युरो जमा होतात, कमाल ५००० युरोपर्यंत, आणि नोकरी बदलली तरी खाते त्याच्यासोबत जाते.

आपल्या पट्ट्याला सर्वांत उपयोगी धडा दक्षिण कोरियाचा आहे. तिथे रोजगार विम्याच्या निधीतून मोठ्या कंपनीच्या प्रशिक्षण केंद्राला मदत मिळते आणि त्या बदल्यात तिने आपल्याला माल पुरवणाऱ्या लहान कारखान्यांच्या कामगारांना शिकवायचे असते. चाकणमध्ये मोठी कंपनी आणि तिचे व्हेंडर यांचे नाते आधीच घट्ट आहे. मालाचा दर्जा तपासायला कंपनीची माणसे व्हेंडरकडे जातात. त्याच नात्यातून माणूसही घडू शकतो.

शिकायला फीपेक्षा वेळ जास्त महाग पडतो. तीन पाळ्यांत राबणारा माणूस सुट्टी घेऊन वर्गात बसला की त्याचा रोज बुडतो. यासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७४ साली पगारी शिक्षण रजेचा करार, क्रमांक १४०, केला. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही.

महाराष्ट्राला हे नवे नाही

‘आणखी एक कर’ ऐकून कुणी दचकू नये. एका उद्देशासाठी पगारातून थोडा पैसा बाजूला काढणे, ही महाराष्ट्राचीच परंपरा आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९७२ च्या दुष्काळात उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेसाठी राज्याने १९७५ साली व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचा भार उचलला. आजही इथल्या बहुतेक पगारचिठ्ठ्यांवर महिना २०० रुपयांची ती ओळ छापलेली असते. कामगार कल्याण निधीचा कायदा तर १९५३ चा आहे. २०२४ च्या बदलानंतर दर सहामाहीला कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये त्यात जमा होतात. वाचनालये, क्रीडा, शिवणवर्ग आणि कामगार नाट्यस्पर्धा या निधीने जगवल्या.

पगारचिठ्ठीवर भविष्य निर्वाह निधी आहे, कर्मचारी राज्य विमा आहे, व्यवसाय कर आहे, कल्याण निधी आहे. प्रशिक्षणाची ओळ नाही. सिंगापूरचा पाव टक्का इथे लावला, तर २०,००० पगारामागे मालकाला महिना ५० रुपये पडतील. एक लाख कामगार धरले तर वर्षाला सहा कोटी होतात. तेवढीच भर सरकारने घातली तर बारा कोटी. एका औद्योगिक पट्ट्यात पाळीनुसार वर्ग चालवायला ही रक्कम पुरेशी सुरुवात आहे.

जागा आणि यंत्रे आहेतच. मोरवाडीच्या आयटीआयमध्ये संध्याकाळी आणि रविवारी वर्ग भरू शकतात. चिंचवडचे ऑटो क्लस्टर केंद्राच्या औद्योगिक पायाभूत सुविधा योजनेतून, लहान उद्योगांना महागडी यंत्रे सामाईक वापरता यावीत म्हणून उभे राहिले. तिथे माणसेही शिकू शकतात. मात्र नोंदणीकृत कारखान्यांपुरते थांबून चालणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखलीतील हजारो अनधिकृत शेड पाडली. तिथे काम करणारी अनेक माणसे कोणत्याही हजेरीपटावर नव्हती. त्यांना शिकण्याचा हक्क मिळायचा असेल, तर प्रशिक्षणाचे खाते कारखान्याच्या नावे नको, माणसाच्या नावे हवे.

यातले बरेच काम दिल्ली-मुंबईची वाट न पाहता सुरू करता येईल. पिंपरी-चिंचवडच्या कामगार संघटना दर तीन-साडेतीन वर्षांनी वेतनकरार करतात. पुढच्या करारात पगारवाढीच्या आकड्याखाली दोन कलमे लिहून घ्या: वर्षातून ठरावीक दिवसांची पगारी शिक्षण रजा, आणि नवे यंत्र आले तर ते शिकण्याचा पहिला हक्क जुन्या कामगाराला. मालक संघटनांनी व्हेंडरांच्या माणसांसाठी आपली प्रशिक्षण केंद्रे उघडावीत. महापालिकेने आणि आमदार-खासदारांनी पाव टक्का कौशल्य आकाराचा प्रस्ताव विधिमंडळात न्यावा. आणि ज्यांच्या घरात कारखान्यात जाणारे कुणी आहे, त्या वाचकांनी या दिवाळीत पगारचिठ्ठी हातात घ्यावी, तिच्यात आपल्या शिकण्याची ओळ नाही हे पाहावे आणि ती छापून येईपर्यंत संघटनेकडे, मालकाकडे आणि लोकप्रतिनिधीकडे ती मागत राहावी.