मांडणशिल्पातील प्रेक्षक : सहभाग आणि उत्तरदायित्व

‘मांडणशिल्प’ ही संज्ञा मराठी कलासमीक्षेत आता रुळली आहे. चित्र भिंतीवर असते, शिल्प चौथऱ्यावर असते आणि पाहणारा त्यांच्यासमोर उभा राहतो. मांडणशिल्पात मात्र वस्तू, प्रकाश, ध्वनी आणि अवकाश यांची अशी रचना असते की पाहणाऱ्याला तिच्या आत यावे लागते. त्यांतील काही कलाकृती तर प्रेक्षकाने कृती केल्याखेरीज पूर्णच होत नाहीत. अशा कलाकृतींसंबंधी ‘प्रेक्षक सहभागी होतो’ असे सर्रास म्हटले जाते. या ‘सहभागा’चे नेमके स्वरूप कोणते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकालाही टाळता येणार नाही, कारण वाचक आणि श्रोता यांच्या भूमिकेचा विचार त्याच्याशी निगडित आहे.

प्रथम प्रवेश आणि सहभाग यांत भेद करावा लागतो. रेवदंड्याच्या पोर्तुगीजकालीन किल्ल्यात शिरणारा प्रवासी तटबंदी आणि चर्चचे भग्नावशेष यांच्यामधून हिंडतो. त्या अवकाशाने तो वेढला जातो, भारावतोही; परंतु त्याच्या हिंडण्याने त्या वास्तूत काहीही बदलत नाही. येथे प्रवेश आहे, सहभाग नाही. याउलट, त्याच गावच्या कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केला जातो, तेव्हा जमलेला समाज त्या विधीचा कर्ता असतो. तेथे सहभाग संपूर्ण आहे, पण ‘प्रेक्षक’ ही कोटीच उरत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये मराठी प्रयोगपरंपरेतील श्रोता उभा आहे. एकनाथांच्या भारुडाच्या सादरीकरणात सोंग घेतलेला कलावंत समोरच्यांना थेट संबोधतो. ध्रुपद उचलले जाते, टाळी पडते. संगीत नाटकाचा प्रेक्षक ‘वन्समोअर’ देऊन प्रयोगाची लांबीच बदलत असे. तथापि या श्रोत्याची जागा परंपरेने आखून दिलेली असते. कोठे साथ द्यायची हे त्याला ठाऊक असते आणि त्या साथीने संहितेचा अर्थ दृढ होतो, उलटत नाही. अभिनवगुप्तांच्या विवेचनातील ‘सहृदय’ही तन्मय होतो, परंतु त्याचे तन्मय होणे मानसिक आहे, रंगभूमीवर त्याच्याकडून कृती अपेक्षित नाही.

सहभागी मांडणशिल्पात नेमकी ही आखलेली जागा काढून घेतली जाते. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकलेचे शिक्षण घेतलेल्या शिल्पा गुप्ता (जन्म १९७६) यांच्या कलाकृती या दृष्टीने उद्बोधक आहेत. ‘थ्रेट’ (२००८-०९) या कृतीत विटांसारख्या रचलेल्या हजारो साबणवड्यांची भिंत आहे. प्रत्येक वडीवर ‘धमकी’ या अर्थाचा तोच इंग्रजी शब्द कोरलेला आहे आणि प्रेक्षकाला वडी घरी नेण्याची मुभा आहे. वडी उचलली की भिंत खचते. वडी वापरली की शब्द झिजतो. पण धमकी पुसण्यासाठी ती आधी स्वतःच्या घरात न्यावी लागते. त्यांच्या ‘शॅडो’ मालिकेत प्रेक्षकाची सावली पडद्यावर उमटते आणि वरून येणाऱ्या वस्तूंच्या सावल्या तिला चिकटत जातात. स्वस्थ उभे राहिल्यानेही सुटका होत नाही. कृती न करणे हीदेखील येथे कृती ठरते.

मरीना अब्रामोविच यांनी १९७४ मध्ये नेपल्स येथे सादर केलेला ‘ऱ्हिदम झिरो’ हा मांडणशिल्प नसून देहप्रयोग होता. परंतु सहभागाचा नैतिक पैलू त्यात अत्यंत स्पष्ट होतो. गुलाबापासून पिस्तुलापर्यंत ७२ वस्तू टेबलावर ठेवून, त्या आपल्यावर हव्या तशा वापराव्यात अशी मुभा त्यांनी सहा तास उपस्थितांना दिली. उपस्थितांचे वर्तन उत्तरोत्तर हिंसक होत गेले. ही हिंसा कलावंताच्या संहितेत लिहिलेली नव्हती. तिचे उत्तरदायित्व ती करणाऱ्यांवरच येते.

यावरून एक निकष हाती येतो. प्रेक्षकाने स्पर्श केला, कळ दाबली, दिवा लागला, एवढ्याने सहभाग सिद्ध होत नाही. सर्वांची कृती आणि तिचा परिणाम आधीच ठरलेला असेल, तर तो यंत्राचा वापर होय. प्रेक्षकापुढे खरी निवड असेल, त्या निवडीने कलाकृतीचा अर्थ बदलत असेल आणि त्या बदलाचे उत्तरदायित्व त्याच्याकडे येत असेल, तरच तो सहभागी म्हणता येईल. अर्थात, अशा प्रेक्षकाचे स्वातंत्र्यही कलावंताने आखलेल्या चौकटीतले असते, हे नजरेआड करून चालणार नाही.

हा निकष साहित्याभ्यासालाही उपकारक आहे. भारुडाचा अभ्यास बहुधा मुद्रित संहितेच्या आधारे होतो. श्रोत्यांनी कोठे साथ दिली, कोठे हसून अडवले, कोठे मौन पाळले, याची नोंद सहसा होत नाही. वडी उचलणाऱ्या हाताशिवाय ‘थ्रेट’चे वर्णन जसे अपुरे राहील, तसेच श्रोत्यांच्या प्रतिसादाशिवाय भारुडाचेही अपुरे राहते.