नाशकात समुद्र आणायचा कसा?

मे महिन्याच्या सुट्टीत मालवणला जाऊन आलेल्या मुलांना हमखास एक वेड लागतं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ डोळ्यांवर काच चढवून, तोंडात नळी धरून पाण्याखाली डोकावलं की संपलंच! खडकांवर वाढलेली प्रवाळं आणि त्यांच्यातून सुळकन पळणारे पट्ट्यापट्ट्यांचे मासे. परतीची गाडी नाशकात शिरेपर्यंत टुमणं सुरू होतं, ‘‘बाबा, आपल्या घरी असा समुद्र करू या ना!’’

बाबा म्हणतात, ‘‘आधी मागच्या वर्षीच्या गोल्डफिशचं काय झालं, ते सांग.’’

दोस्तांनो, बाबांचं म्हणणं तसं खोटं नाही. खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे गोल्डफिशच्या टाकीत मूठभर मीठ टाकणं नव्हे. पण ती अशक्यही नाही. नाशकात तर तिची गंमत जास्तच आहे, कारण आपल्या वाट्याला समुद्र आलेलाच नाही. आपली गोदावरीसुद्धा त्र्यंबकेश्वरला उगम पावते आणि जवळचा अरबी समुद्र सोडून १,४६५ किलोमीटर पूर्वेला, थेट बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते! तेव्हा समुद्र आपल्यालाच तयार करायला हवा.

सुरुवात गणितापासून करू. टाकी ९० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच घेतली, तर तिचं घनफळ किती? १,८२,२५० घन सेंटीमीटर, म्हणजे १८२ लिटर. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली, तर पाणी साधारण १६० लिटर बसेल. पाणी, काच, दगड, वाळू सगळं मिळून वजन होतं सव्वादोनशे किलोच्या आसपास. तुमच्या वर्गातली सहा-सात मुलं एका टेबलावर उभी राहिली आहेत असं समजा आणि मग टाकी कुठे ठेवायची ते ठरवा. टीव्हीच्या टेबलावर नक्कीच नाही. ‘मग छोटीच टाकी घेऊ,’ असं आई म्हणेल. पण छोट्या टाकीतलं पाणी चटकन तापतं आणि चटकन बिघडतं. नवशिक्यासाठी मोठी टाकीच सोपी.

आता समुद्र करू. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १६० लिटरला झाले ५ किलो ६०० ग्रॅम. वाण्याकडून सहा किलो मीठ आणलं तर? चालणार नाही. स्वयंपाकाचं मीठ म्हणजे जवळजवळ सगळं सोडियम क्लोराईड. समुद्राच्या पाण्यात त्याशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असं बरंच काही असतं. प्रवाळाचा सांगाडाच कॅल्शियमचा! म्हणून मत्स्यालयासाठी खास मिळणारं समुद्री मीठच आणायचं आणि पाकिटावरच्या प्रमाणाने कालवायचं. हायड्रोमीटर पाण्यात सोडला की तो १.०२५ च्या जवळ दिसायला हवा.

मीठ कालवायला पाणीही शुद्ध लागतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, बोअरच्या पाण्यात आणखी काय काय. शिवाय घरातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या काही यंत्रांत चवीसाठी थोडं मूळचं पाणी परत मिसळलेलं असतं, त्यामुळे तेही तपासून घ्यावं लागतं. आणि एक खास नाशिककरांसाठी सूचना. भांडीबाजारातली तांब्याची घागर कितीही देखणी असली, तरी हे पाणी तिच्यात साठवू नका. तांब्याचा अंश कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांना विषासारखा बाधतो. प्लॅस्टिकची नवी बादली घ्या आणि तिला साबण लावू नका.

आता एक कोडं. उन्हाळ्यात टाकीतलं रोज लिटर-दोन लिटर पाणी सहज उडून जातं. मग रोज कोणतं पाणी भरायचं, खारं की गोडं? निम्मा वर्ग ‘खारं’ म्हणेल. पण उरणची मिठागरं आठवा! पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. रोज दोन लिटर खारं पाणी भरत गेलात, तर दहा दिवसांत ७०० ग्रॅम मीठ जास्तीचं होईल. लिटरला ३५ ग्रॅमचे ३९ ग्रॅम होतील आणि बिचाऱ्या माशांना कळणारही नाही काय चाललंय ते. म्हणून रोजची भर शुद्ध गोड्या पाण्याची. खारं पाणी घालायचं ते आठवड्याला दहावा भाग पाणी बदलताना. त्यासाठी दर वेळी अर्ध्या किलोहून जास्त मीठ लागतं. आईबाबांनी खर्चाचा अंदाज बांधताना टाकीच्या किमतीपेक्षा याकडे जास्त लक्ष द्यावं.

तापमान हवं २५-२६ अंशांच्या आसपास. इथे नाशिक दोन्ही बाजूंनी परीक्षा घेतं. हिवाळ्यात निफाडकडची थंडी आठवली म्हणजे हीटर का लागतो ते सांगायला नको. उन्हाळ्यात पारा चाळिशीकडे गेला की पाण्यावर छोटा पंखा सोडायचा. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने टाकी दोन-तीन अंशांनी उतरते. भारनियमनाचा विचारही आधीच करा. लाटा थांबल्या की पाण्यातला प्राणवायू कमी होऊ लागतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात हवाच.

लाटांसाठी एक-दोन छोटे पंप आणि निळा-पांढरा एलईडी दिवा लागतो. शिवाय स्किमर नावाचं एक मजेदार यंत्र असतं. ते पाण्याला फेस आणतं आणि फेसाबरोबर घाण वर येते. गुऱ्हाळात काहिलीतली मळी काढताना पाहिलं असेल, तर लगेच कळेल. विजेची सगळी जोडणी मोठ्या माणसांकडून करून घ्या आणि टाकीत हात घालण्यापूर्वी बटणं बंद करा. खारं पाणी आणि वीज यांची गाठ फार वाईट.

सगळं जमलं? आता मासे आणायचे? थांबा! इथेच बहुतेकांची टाकी बिघडते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात (तेही विषारीच), दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि ते मासे बऱ्यापैकी सोसतात. हे जिवाणू सच्छिद्र दगडांवर आणि वाळूत वस्ती करतात, पण त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकायचं, चाचणीच्या किटने पाणी तपासायचं आणि आकडे वहीत लिहायचे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की टाकी तयार. मधेच काचेवर तपकिरी थर चढेल. घाबरू नका, तो येतो आणि जातो. पाहुणे विचारतील, ‘‘मासे कुठे आहेत?’’ सांगा, ‘‘यायचेत!’’

आता प्रवाळांचं बोलू, कारण सगळं वेड सुरू झालं ते त्यांच्यापासून. प्रवाळ म्हणजे चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. आजीच्या अंगठीतलं पोवळं हा त्यांच्याच एका नातलगाचा सांगाडा. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडात अन्न तयार करतं आणि यजमानाला देतं. आपल्या देशात खडक बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत! समुद्रघोड्यांनाही कायद्याचं संरक्षण आहे. मालवणचं सागरी अभयारण्य तर १९८७ सालीच जाहीर झालं. तेव्हा किनाऱ्यावरून तुकडा खिशात घालून आणणं किंवा दुकानदार ‘चालतंय हो’ म्हणाला म्हणून विकत घेणं हा गुन्हा ठरू शकतो. परदेशी प्रवाळांनाही कागदपत्रं लागतात. माझं स्पष्ट मत विचाराल, तर पहिलं वर्षभर प्रवाळ नकोच. कोरडे सच्छिद्र दगड रचा, मासे सांभाळायला शिका. पुढे हौस टिकली, तर बाबांना घेऊन वनखात्याच्या कचेरीत जा आणि काय चालतं ते विचारा.

माशांतही निवड करा. ‘फाइंडिंग निमो’ मधली निळी डोरी सगळ्यांना हवी असते, पण तो मासा फूटभर वाढतो आणि आपल्या टाकीत त्याचा जीव गुदमरेल. निमो मात्र, म्हणजे क्लाऊनफिश, छोटाच राहतो. त्याची पैदास माणसाच्या देखरेखीखाली होते; आपल्या कांदळवन कक्षाच्या ऐरोलीच्या केंद्रातही ती झाली आहे. दुकानात विचारा, ‘‘हा मासा समुद्रातून पकडलेला की पैदास केलेला?’’ उत्तर धड मिळालं नाही, तर दुसरं दुकान पाहा. समुद्रफूल नसलं तरी क्लाऊनफिश मजेत राहतो.

दोन लहान पिल्लं आणा. पिशवी पाण्यावर अर्धा तास तरंगू द्या, मग टाकीतलं पाणी थोडं थोडं पिशवीत घाला आणि जाळीने मासे टाकीत सोडा. त्या रात्री दिवा लावू नका. आणि आता वहीत नवं पान काढा. क्लाऊनफिश जन्मतात ते सगळे नर म्हणून. दोघांपैकी जो जास्त वाढतो आणि दादागिरी करतो, तो पुढे मादी होतो! तुमच्या दोघांतला तो कोण, ते पहिल्या महिन्यात ओळखता येतंय का बघा.