मायनस ४० मध्ये कुठलं ब्रेक फ्लुइड टाकायचं? डॉट ३, ४, ५ आणि ५.१ चा घोळ

मागच्या नोव्हेंबरमध्ये माझ्या रूममेटने व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकला. आम्ही कॅनडात विनिपेगला राहतो आणि त्याने नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती. फोटोत ऑटो पार्ट्सच्या दुकानातल्या फळीवर ब्रेक फ्लुइडच्या चार बाटल्या दिसत होत्या. खाली मेसेज: "५.१ महाग आहे, ५ घेतो. एका अपडेटचा तर फरक!"

मी मीटिंग म्यूट करून लगेच फोन लावला. "अरे, आधी ती बाटली खाली ठेव."

आपण ॲपच्या व्हर्जन नंबरला इतके सरावलोय की ही चूक कुणाच्याही हातून होईल. पण ५.१ ही ५ ची सुधारित आवृत्ती नाही. डॉट ३, ४ आणि ५.१ हे ग्लायकॉल कुळातले, एकमेकांत मिसळणारे. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते या तिघांत मिसळत नाही. शिवाय सिलिकॉन पाणी शोषत नाही. ऐकायला बरं वाटतं, पण आत शिरलेलं पाणी मग थेंबाच्या रूपात वेगळं साचतं आणि थंडीत त्याचा बर्फ होऊ शकतो. एबीएस असलेल्या गाडीत डॉट ५ टाकायचंच नाही. ओळखायची खूण म्हणजे त्याचा जांभळा रंग.

बाटलीवर न दिसणारा आकडा

दुकानात सगळे उत्कलनबिंदू विचारतात, म्हणजे फ्लुइड किती तापमानाला उकळतं ते. अमेरिकन मानकानुसार नवीन डॉट ३ किमान २०५, डॉट ४ किमान २३० आणि डॉट ५.१ किमान २६० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. घाट उतरताना हा आकडा जीव वाचवतो. पण विनिपेगच्या सपाट, बर्फाळ रस्त्यावर प्रश्न उलटा असतो: मायनस ४० ला हे फ्लुइड किती घट्ट होतं? (मायनस ४० ला सेल्सिअस आणि फॅरेनहाइट एकच असतात, त्यामुळे इथे युनिटवरून तरी भांडण होत नाही.)

हा घट्टपणा सेंटीस्टोकमध्ये मोजतात. मायनस ४० ला डॉट ३ ला जास्तीत जास्त १५०० ची मुभा आहे, डॉट ४ ला १८०० ची आणि डॉट ५.१ ला फक्त ९०० ची. अंदाज यावा म्हणून सांगतो, २० अंशाला एरंडेल तेल साधारण १००० च्या आसपास असतं. म्हणजे नियमात बसणारं डॉट ४ सुद्धा एरंडेलापेक्षा घट्ट असू शकतं, आणि थंडीच्या बाबतीत डॉट ४ ची मर्यादा डॉट ३ पेक्षाही सैल आहे!

फ्लुइडचा दगड होत नाही, पेडल दाबलं की चाकापर्यंत दाब पोचतोच. खरी अडचण एबीएस आणि ईएससीची. एबीएसचे बारीक व्हॉल्व्ह सेकंदाला कित्येक वेळा उघडतात-मिटतात. ईएससीला तर गाडी घसरायला लागली की तुम्ही ब्रेक दाबलेला नसतानाही पंपाने फ्लुइड ओढून एकाच चाकावर दाब तयार करायचा असतो, तोही क्षणार्धात. एरंडेल बारीक स्ट्रॉने ओढून बघा, म्हणजे पंपाचं दुःख कळेल. आणि ही यंत्रणा सगळ्यात जास्त लागते ती बर्फावरच.

फोनवरून रिमोट स्टार्ट दिला की काम होईल, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्याने इंजिन आणि केबिन गरम होतं. चाकांपर्यंत गेलेल्या ब्रेकच्या नळ्या मात्र गाडीखाली बाहेरच्याच थंडीत असतात.

मग घ्यायचं काय?

आधी फ्लुइडच्या टाकीचं झाकण आणि मॅन्युअल बघा. तिथे डॉट ४ लिहिलं असेल तर डॉट ३ वर उतरायचं नाही. डॉट ४ मध्येच 'एलव्ही' किंवा 'क्लास ६' नावाचा पातळ प्रकार मिळतो, त्याची मायनस ४० ची मर्यादा ७५० आहे. कडाक्याच्या थंडीत, मॅन्युअलला चालत असेल तर, माझी पहिली पसंती हीच. तो मिळाला नाही तर ५.१. बाटलीवर काही कळत नसेल तर फोनवर त्या फ्लुइडची टेक्निकल डेटा शीट शोधा आणि 'व्हिस्कॉसिटी, मायनस ४०' ही ओळ वाचा. दोन मिनिटांचं काम आहे.

पण भारी फ्लुइड घेऊन जुन्यावरच टॉप-अप केलं तर पैसे वाया. ग्लायकॉल फ्लुइड हवेतली ओल शोषत राहतं. त्या पाण्याने उत्कलनबिंदू खाली येतो आणि थंडीत घट्टपणाही वाढतो, म्हणजे दोन्हीकडून मार. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी (मॅन्युअलमध्ये असेल त्याप्रमाणे) सगळं काढून नवीन भरायचं. मुंबईचे दोन पावसाळे काढलेली गाडी हिवाळ्यात लेहला न्यायचा प्लॅन असेल तर हे निघण्याआधीच करा. तिथे थंडीही आहे आणि लांबलचक उतारही, त्यामुळे तिकडे मी ५.१ बघेन. अर्धी उरलेली, वर्षभर कपाटात पडलेली बाटली वापरू नका. आणि पातळी सारखी खाली जात असेल तर गळती किंवा झिजलेले पॅड तपासा, नुसतं भरत बसू नका.

अजून एक गोष्ट. थंडीत सकाळी पेडल दगडासारखं कडक लागलं तर लगेच फ्लुइडला दोष देऊ नका. ब्रेक बूस्टरच्या व्हॅक्यूम नळीत ओल गोठली तरी तसंच होतं. तशी गाडी रस्त्यावर काढू नका, मेकॅनिकला दाखवा.

रूममेटच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये डॉट ३ आणि डॉट ४ दोन्ही चालतील असं होतं, म्हणून आम्ही डॉट ४ एलव्ही घेतलं. गॅरेजमध्ये जुनं फ्लुइड निघालं ते कडक चहाच्या रंगाचं. बदलताना दोन थेंब बॉनेटच्या कडेवर सांडले, मेकॅनिकने धावत येऊन पाणी ओतलं. ब्रेक फ्लुइड गाडीचा रंग खातं, हे मला तिथे कळलं.